पेटी लहान करा, पण झाकण उघडू द्या

प्रति,
लहान आकाराचे डेस्कटॉप संगणक बनवणाऱ्या कंपन्यांचे रचनाकार आणि विक्रीप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

मी सांगलीत डीटीपीचं काम करते. घराच्या पुढच्या दहा बाय बाराच्या खोलीत माझं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, आणि श्रावण लागला की एका दिवाळी अंकाची अख्खी जुळणी. एकवीस वर्षं रोज आठ-दहा तास संगणकासमोर बसते, पण संगणकाबद्दल कुणाला पत्र लिहावं असं आजवर कधी वाटलं नव्हतं. या वर्षात ते वाटलं, म्हणून लिहितेय.

माझा जुना संगणक २०१४ चा. गावातल्याच मेकॅनिककडून जुळवून घेतलेला, गुडघ्याएवढ्या उंचीचा काळा कॅबिनेट, आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय थ्री प्रोसेसर आणि चार जीबी रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी. २०१७ मध्ये आणखी चार जीबीची पट्टी टाकली. दोन वर्षांनी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली, तेव्हा तो पुन्हा नवा झाल्यासारखा पळायला लागला. आतल्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस दोनदा बदलला, दोन्ही वेळा त्याच दिवशी, हजार रुपयांच्या आत. आणि पावसाळ्यात सकाळी चालू करताना कधीकधी पडदा काळाच राहायचा आणि आतून बीप ऐकू यायचा. तेव्हा काय करायचं हे मला मेकॅनिकनं पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. वायर काढायची, कॅबिनेटची बाजूची पाटी सरकवायची, दोन्ही कानातल्या खिट्ट्या दाबून रॅमची पट्टी बाहेर काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवायचा, कापडानं पुसायची आणि खट् आवाज येईपर्यंत पुन्हा बसवायची. पाच मिनिटांत डिस्प्ले यायचा. हे सांगतेय कारण माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ त्या खोडरबरात आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही डीटीपीवाल्याला, नेट कॅफेवाल्याला, झेरॉक्सवाल्याला विचारा, त्याच्या ड्रॉवरमध्ये तो खोडरबर सापडेल.

मग विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे कळलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. माझ्या संगणकात दोन्ही नाही. बँकेचे व्यवहार, जीएसटीचं रिटर्न, गिऱ्हाइकांच्या मेल, सगळं त्याच एका यंत्रावर. सुरक्षेची अपडेट न मिळणाऱ्या यंत्रावर ते चालवायला मन धजावेना. म्हणून श्रावणाच्या आधीच, अंकाचं काम अंगावर यायच्या आत, नवा घ्यायचं ठरवलं. आणि घ्यायचाच तर लहान घ्यावा असं मनापासून वाटलं.

ही हौस नव्हती. खोली लहान आहे, उन्हाळ्यात तापते, वीज गेली की इन्व्हर्टरवर काम. जुन्या यंत्राला प्लगात लावायचं मीटर जोडून पाहिलं, तर काम चालू असताना नव्वदच्या आसपास वॅट खात होतं, मॉनिटर वेगळा. दिवसाचे दहा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर २७० युनिट. लहान पेटी त्याच कामाला पंधरा वॅटच्या आसपास घेते, म्हणजे वर्षाला ४५ युनिट. बिलात फरक पडतोच, पण त्याहून मोठा फरक इन्व्हर्टरच्या बॅटरीवर पडतो. दुपारी वीज गेल्यावर पत्रिकेचं प्रूफ अर्धवट सोडून बसायची वेळ येत नाही. या एका गोष्टीसाठी तुमच्या रचनाकारांचे मी आभार मानते.

आणि लहान डेस्कटॉपकडून माझ्या ज्या अपेक्षा होत्या, त्या तुमच्याच व्यवसायानं तयार केलेल्या आहेत. जानेवारी २००५ मध्ये अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी मॅक मिनी हा लहान डेस्कटॉप लोकांसमोर आणला, तेव्हा तो साडेसहा इंच चौरस आणि दोन इंच उंच होता, किंमत ४९९ डॉलर, आणि त्यासोबत ना कीबोर्ड, ना माऊस, ना मॉनिटर. तुमच्याकडे आहेत तेच लावा, असं सांगणं होतं. माझ्यासारख्या माणसाला हे पटतं. मॉनिटर चांगला आहे, मराठी रेमिंग्टन टायपिंगला हात बसलेला कीबोर्ड आहे, ते कशाला टाकायचे? पुढे २०१० च्या मॉडेलला तळाशी गोल काळं झाकण आलं. अंगठ्यांनी फिरवलं की निघायचं आणि समोरच रॅमच्या दोन खाचा. त्याच दशकात इंटेलनं चार इंचांच्या बोर्डावर एनयूसी नावाचा लहान संगणक आणला. तो तर नुसता सांगाडा म्हणूनही मिळायचा, रॅम आणि डिस्क आपण आपल्या ऐपतीप्रमाणे घ्यायची. लहान असूनही तो डेस्कटॉपच होता. हे वाचून, पाहून, शेजारच्या गावातल्या एका छापखान्यात तसा एक चालताना बघून मी मन बनवलं होतं.

मी घेतला तो कोणत्या कंपनीचा, ते इथे लिहीत नाही. दोन-तीन व्यावसायिक मैत्रिणींशी बोलले तेव्हा वेगवेगळ्या नावांखाली हीच कहाणी ऐकायला मिळाली, त्यामुळे एकाच कंपनीला बोल लावणं बरोबर नाही.

पेटी आली ती खरंच देखणी. हातात धरली तर पोळीच्या डब्याएवढी. सासूबाईंनी विचारलं, "याचा मोठा भाग अजून यायचाय का?" मॉनिटरच्या मागे ठेवून चालू केली, आवाज नाही, पंधरा सेकंदांत पडदा समोर. पहिल्या दिवशी मी खूष होते.

दुसऱ्या दिवशी कामाला बसले. मराठी फॉन्टचं माझं जुनं पॅकेज यूएसबीच्या डोंगलवर चालतं, ते कुलूप लावल्याशिवाय उघडत नाही. पेटीला नेहमीचे चौकोनी यूएसबी दोनच, बाकीचे टाइप-सी. कीबोर्ड आणि माऊसनं ते दोन्ही घेतले. मग डोंगल, लेझर प्रिंटर, स्कॅनर आणि गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह कुठे लावायचा? हब आणला. हबमधून डोंगल कधी ओळखायचा, कधी नाही. शेवटी माऊस हबवर आणि डोंगल पेटीला असं जमवलं. टेबलावर जागा व्हावी म्हणून लहान यंत्र घेतलं होतं, आणि आठवड्याभरात त्याच्याभोवती हब, त्याची वायर, आणि यंत्राच्या निम्म्या आकाराचा अ‍ॅडॉप्टर असा पसारा झाला. तरीही हे मी सोसलं असतं. पोर्टची तक्रार मोठी नाही, शंभरातल्या नव्वद माणसांना दोन पुरतही असतील.

रॅमचं मात्र सोसलं नाही.

विक्रीच्या पानावर लिहिलं होतं: 'रॅम ८ जीबी, कमाल १६ जीबी'. मराठी वाचणारा, इंग्रजी वाचणारा, कोणीही याचा अर्थ काय घेईल? आज आठ आहे, उद्या सोळापर्यंत वाढवता येईल. मीही तोच घेतला. अंकाचं काम वाढलं की दसऱ्याआधी दुसरी पट्टी टाकू, असा हिशेब करून आठवर समाधान मानलं. १४४ पानांचा अंक, त्यात जाहिरातींची तीसेक रंगीत पानं, छपाईच्या दर्जाचे फोटो. आठातला काही भाग ग्राफिक्सनं आधीच राखून ठेवलेला असतो, उरलेल्यात विंडोज ११, इनडिझाइन, कोरल आणि समोर लेखकाचा मजकूर उघडलेला ब्राउझर. भाद्रपदात पान उलटलं की चित्र उमटायला वाट पाहावी लागायला लागली.

मेकॅनिकला बोलावलं. तोच, अकरा वर्षांपूर्वीचा. त्यानं पेटी उलटी केली. स्क्रू दिसेनात. मग चारही रबरी पाय नखानं उचलून पाहिले, ते गोंदानं चिकटवलेले, स्क्रू त्यांच्याखाली लपवलेले. एका स्क्रूवर कागदी सील, फाटलं तर वॉरंटी गेली. मला विचारून त्यानं केस वाळवायच्या यंत्रानं गोंद सैल केला, पाय काढले, झाकण उचललं, आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. खाच नव्हतीच. काळ्या चार चिपा बोर्डावरच सोल्डर केलेल्या. म्हणाला, "ताई, इथं काढायला काहीच नाही. खोडरबर आणला तरी घासायचा कशावर?" 'कमाल १६' म्हणजे याच यंत्राचं दुसरं, महाग मॉडेल, हे तेव्हा कळलं. सात दिवसांत परत करायची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

चिपा बोर्डावर पक्क्या का करतात हे मी त्यानंतर समजून घेतलं, कारण न समजता बोलणं मला आवडत नाही. काही ठिकाणी त्याला खरं कारण आहे. अ‍ॅपलनं २०२० पासून मेमरी प्रोसेसरच्या पॅकेजवरच घेतली, तिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं एकच मेमरी फार रुंद रस्त्यानं वापरतात आणि वेग मिळतो. फ्रेमवर्क ही कंपनी तर दुरुस्त करता येणाऱ्या लॅपटॉपसाठीच ओळखली जाते. तिनं फेब्रुवारी २०२५ मध्ये लहान डेस्कटॉप जाहीर केला तेव्हा त्यातही रॅम पक्कीच होती. लोक हिरमुसले. पण कंपनीनं पहिल्याच दिवशी उघडपणे सांगितलं, की त्यातल्या एएमडी कंपनीच्या प्रोसेसरला एवढ्या वेगात सुटी मेमरी जोडायचा प्रयत्न करून पाहिला, तो जमला नाही. हे ऐकून घेणारा निदान डोळे उघडे ठेवून घेतो. माझी तक्रार त्यांच्यासाठी नाही.

माझ्या पेटीत असा कोणताही वेगवान प्रोसेसर नव्हता. साधा, कमी विजेवर चालणारा, ज्याला साधी सुटी पट्टी सहज चालते असा. त्याच प्रोसेसरच्या इतर पेट्यांत खाच असते, हे मेकॅनिकनं दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या यंत्रात मला दाखवलं. मग माझ्यात का नाही? बोर्ड थोडा स्वस्त पडतो, पेटी दोन-तीन मिलिमीटर बारीक होते, आणि जास्त रॅम हवी असणाऱ्याला महाग मॉडेल घेण्यावाचून मार्ग उरत नाही. यापलीकडे मला तरी कारण दिसलं नाही. आणि पातळ चिपा हव्यात म्हणून सोल्डर करावंच लागतं हेही आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्ये कॅम-२ नावाचं मानक प्रसिद्ध केलं, त्यात कमी विजेची मेमरीसुद्धा स्क्रूनं बसवता आणि काढता येते. रस्ता तुमच्याच लोकांनी करून ठेवला आहे.

हे आधीही घडून गेलं आहे, म्हणून जरा मागे जाते. त्याच मॅक मिनीच्या ऑक्टोबर २०१४ च्या मॉडेलात रॅम पक्की केली गेली, आणि २०१२ मध्ये मिळणारा चार कोअरचा प्रोसेसर काढून दोन कोअरचाच ठेवला गेला. वर्ष पुढचं, यंत्र काही कामांत मागचं. जुनं २०१२ चं मॉडेल लोक शोधून शोधून घ्यायचे. पुढची चार वर्षं नवं मॉडेलच आलं नाही, आणि ३० ऑक्टोबर २०१८ ला आलं तेव्हा रॅम पुन्हा खाचेत होती. २०२४ च्या मॉडेलात तर सुरुवातच १६ जीबीपासून केली, आकार पाच इंचांवर आणला, आपल्याकडे किंमत तेव्हा ५९,९०० रुपये होती. त्या दिवशी अनेकांना वाटलं की इतक्या वर्षांचं गाऱ्हाणं ऐकलं गेलं. पण साठवण २५६ वरून ५१२ जीबी करायची तर अमेरिकेत २०० डॉलर आणि इथे २०,००० रुपये जास्त लागायचे. आतली एसएसडी सुट्या तुकड्यावर आहे, तरी बाजारात मिळणारी नेहमीची एम-डॉट-टू तिथे बसत नाही. चालू करायचं बटण तळाशी गेलं, त्यावर लोक जास्त बोलले. मला ते बटण कुठेही चालेल.

रास्पबेरी पाय ५०० या कीबोर्डातच बसवलेल्या लहान संगणकाचंही तसंच. डिसेंबर २०२४ मध्ये तो आला, लोकांनी उघडून पाहिलं तर बोर्डावर एसएसडीच्या खाचेची जागा आखलेली होती, खाच मात्र बसवलेली नव्हती. पुढच्या वर्षी खाचेसकट, आत एसएसडी घालून वाढीव मॉडेल आलं. लोकांनी बोललेलं कुठेतरी पोहोचतं, हे यातून मला दिसतं. पत्र लिहायचं धाडस त्यामुळेच झालं.

उष्णतेबद्दल थोडं. हवा आत घ्यायच्या फटी तळाला, आणि पाय तीन-चार मिलिमीटरचे. छापखान्याच्या आसपासच्या खोलीत कागदाची धूळ असते, तिचा मऊ कापसासारखा थर टेबलावर रोज साठतो. महिन्याभरात त्या फटी बुजल्या. एका दुपारी अंकाच्या पीडीएफ काढत होते, पानांच्या पहिल्या गठ्ठ्याला, म्हणजे फॉर्मला, सहा मिनिटं लागली, चौथ्याला अकरा. यंत्र तापलं की स्वतःचा वेग कमी करतं, त्यानं ते जळत नाही, हे चांगलंच आहे. पण जुन्या कॅबिनेटची पाटी सरकवून मी दर महिन्याला ब्रशनं धूळ काढायचे. इथे पंखा साफ करायला गोंद सोडवून सील फाडावं लागतं. धुळीच्या देशात यंत्र विकताना एवढा विचार नको का व्हायला?

आणि अ‍ॅडॉप्टर. दिवाळीच्या तोंडावर मैत्रिणीच्या पेटीचा अ‍ॅडॉप्टर गेला. व्होल्टेज तेच असलेले लॅपटॉपचे तीन अ‍ॅडॉप्टर घरात होते, एकाचीही पिन बसेना. कंपनीकडून यायला सोळा दिवस लागले. तोवर पूर्ण चांगलं यंत्र फडक्यात गुंडाळून कपाटात. युरोपनं २८ डिसेंबर २०२४ पासून फोन-टॅब्लेटला टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलं, लॅपटॉपसाठी त्यानंतरची तारीख ठरवली. डेस्कटॉपचं नाव त्यात नाही. फ्रान्सनं २०२१ पासून दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापायला लावले, तिथेही सुरुवातीच्या यादीत लॅपटॉप आहेत, डेस्कटॉप नाहीत. डेस्कटॉप काय, सहज उघडतो आणि दुरुस्त होतो, अशी समजूत असावी. ती समजूत मोठ्या कॅबिनेटच्या काळातली. आपल्या केंद्र सरकारनं मात्र ३ ऑगस्ट २०२३ ला संगणकांच्या आयातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा लॅपटॉप आणि टॅब्लेटच्या रांगेत अतिलहान आकाराचे संगणकही धरले होते. ती अट पुढे ढकलली, सौम्य केली, तो विषय वेगळा. पण तुमची पेटी आता कोणत्या पंगतीत बसते, हे निदान त्या यादीत बरोबर लिहिलेलं होतं. मी घेतला तो बिनपडद्याचा लॅपटॉप होता. डेस्कटॉप म्हणून विकला गेला.

माझे सासरे ट्रेडल मशीनवर छपाई करायचे. खिळे जुळवून, हातानं. त्या मशीनचा एक दात तुटला तेव्हा मिरजेच्या लोहारानं तो नवा घडवून दिला होता आणि मशीन पुढे बावीस वर्षं चाललं. संगणक तसा चालेल असं मी म्हणत नाही, प्रोसेसर जुना होतो, मलाही कळतं. पण दहा वर्षं चालावा, मध्ये एकदा रॅम आणि एकदा डिस्क घेऊन, एवढी अपेक्षा जास्त नाही. लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत, आमच्या गावच्या स्टँडमागच्या गाळ्यांत जी मुलं दुरुस्तीवर पोट भरतात, त्यांच्या हातातलं कामही तुम्ही बोर्डाला सोल्डर करून टाकताय. आणि दोन वर्षांत अपुरं पडलेलं यंत्र जातं कुठे, ते भंगारवाल्याच्या गाडीवर पाहते मी.

दिवाळी अंक शेवटी कशावर निघाला? जुन्या कॅबिनेटवर. त्याची नेटची वायर काढून ठेवली आहे. जुळणी त्यावर करते, फाइल पेन ड्राइव्हनं नव्यात आणते आणि मेल करते. एका माणसाच्या कामाला दोन संगणक, इन्व्हर्टरवर दोघांचा भार. वीज वाचवायला निघाले होते.

मला पैसे परत नकोत, दुसरं यंत्रही नको. तुम्ही पुढचं मॉडेल आखाल तेव्हा रॅमला एक खाच ठेवा, साधी लॅपटॉपची पट्टी बसेल अशी. एसएसडी नेहमीच्या मापाची. पंख्यापर्यंत पोहोचायला चार उघडे स्क्रू, त्यावर सील नको. अ‍ॅडॉप्टर टाइप-सीचा द्या, म्हणजे गेला तर गावात मिळेल. पेटी त्यानं अर्धा इंच उंच झाली तरी आम्ही कुणी मोजणार नाही, ती मॉनिटरच्या मागेच असते.

आणि ज्या यंत्रात यातलं काही जमणारच नसेल, तिथे खोक्यावर आणि विक्रीच्या पानावर, किमतीच्या शेजारी, एवढं छापा: 'रॅम बोर्डावर पक्की आहे. नंतर वाढवता किंवा बदलता येणार नाही.' 'कमाल' हा शब्द तिथून काढा. जागा नाही म्हणू नका. आठ पॉइंटात ती ओळ अडीच-तीन इंचांत बसते, मी जुळवून पाहिली आहे. तुमच्या खोक्याची रुंदी सात इंच आहे.

उत्तराची वाट पाहते. लोभ असावा, ही विनंती.

आपली,
सांगलीची एक डीटीपीवाली